मागची रांग

आमच्याकडे 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की लोकांना गणेशोत्सव आठवतो. चौकात मांडव, चकचकीत कपड्यांतले दोन गायक, एक निवेदक आणि मागे अर्ध्या अंधारात ऑर्गन, ढोलकी, ऑक्टोपॅड घेऊन बसलेली पाच-सहा माणसे. निवेदक गायकांची नावे तीन-तीनदा घेतो. मागच्यांची घेतलीच तर अगदी शेवटी, लोक उठून चपला शोधायला लागल्यावर. वास्तविक ऑर्केस्ट्रा हे नाव त्या मागच्यांचे आहे. त्याहूनही मागे जायचे तर ते माणसांचे नावच नव्हे, जागेचे आहे. प्राचीन ग्रीसमधल्या नाट्यगृहात रंगमंचापुढच्या ज्या गोल मोकळ्या जागेत समूह नाचायचा, गायचा, तिला ऑर्केस्ट्रा म्हणत. पुढे इटलीत ऑपेरा सुरू झाल्यावर वादक त्याच जागी बसू लागले आणि जागेचे नाव माणसांना चिकटले. आमच्या वाड्यावस्त्यांची नावे माणसांना चिकटतात तसेच.

दुसरा शब्द 'कन्चेर्तो'. हा मला अधिक आवडतो, कारण तो दुतोंडी आहे. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी झुंजणे, चढाओढ करणे असा अर्थ; इटालियनमध्ये तोच शब्द एकमताने, जमवून घेऊन करणे या अर्थाने येतो. भांडणही तेच आणि समेटही तोच. ज्याने कलगी-तुऱ्याचा सामना पाहिला आहे, त्याला हे कोडे वाटणार नाही. रात्रभर एकमेकांना सवाल टाकणारे दोन शाहीर पहाटे एकाच चुलीवरचा चहा पितात.

आता हा विषय माझ्या वाट्याला कसा आला, ते सांगितले पाहिजे. आमच्या घरात पदवीच्या वर्गात बसलेला पहिला मी. आजोबा सनई वाजवत. वडील, म्हणजे आबा, लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतात. मास्तर पुढे उभे राहून क्लॅरिनेटवर गाणे वाजवतात आणि आबा मागच्या रांगेत 'दुसरे' वाजवतात, म्हणजे जे वाजले नाही तर पोकळ वाटते आणि वाजले तर कोणाच्या लक्षात येत नाही ते. गेल्या वर्षी इंग्रजीच्या सरांनी तासाला सहज कन्चेर्तोचा उल्लेख केला, "एक वादक विरुद्ध सारे वादक" एवढेच सांगितले आणि पुढच्या कवितेकडे वळले. मी मात्र तिथेच अडकलो. 'सारे वादक' या दोन शब्दांत मला आमचे घर दिसले. मग वर्षभर जमेल तसे वाचले आणि रात्री मोबाइलला एअरफोन लावून ऐकले. त्यातून जे हाती लागले ते मांडतो.

सुरुवात इटलीतल्या आर्कांजेलो कोरेल्लीपासून करावी लागते. याचे बारा 'कन्चेर्ती ग्रोस्सी' त्याच्या मृत्यूनंतर १७१४ साली ॲमस्टरडॅमला छापले गेले. यात एकटा वादक असा नसतोच. दोन व्हायोलिने आणि एक चेलो असा तिघांचा लहान गट पुढे, आणि त्यांच्यामागे तंतुवाद्यांचा मोठा गट. पुढचे तिघे काही म्हणतात, मागचे सारे मिळून ते उचलतात, ठासून सांगतात, पुन्हा तिघांकडे सोपवतात. आमच्या शाहिराचे आणि झीलकऱ्यांचे हेच नाते. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलून धरतात, तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. कोरेल्लीच्या मागच्या गटाचे इटालियन नाव 'रिपिएनो'. याचा अर्थ भरलेले, किंवा स्वयंपाकघरात बोलायचे तर सारण. मागच्यांना सारण म्हणणे हा अपमान आहे की गौरव, यावर मी बराच विचार केला. करंजीचे कौतुक तिच्या पारीवरून होते हे खरे, पण नुसती पारी कोण खाणार? कोरेल्लीबद्दल असे सांगतात की, मागच्या सगळ्यांचे गज एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली गेले पाहिजेत, यावर त्याचा कटाक्ष असे. एकाचा जरी गज उलट गेला तरी तो वादन थांबवी. आज मोठ्या वाद्यवृंदात तीस-तीस गज एका लयीत फिरताना दिसतात, त्याची मुळे अशा शिस्तीत आहेत.

यानंतर येतो आंतोनियो विवाल्दी. याच्यापाशी मी सर्वांत अधिक रेंगाळलो आणि वाचकांनाही जरा थांबवणार आहे.

व्हेनिसमध्ये 'ऑस्पेदाले देल्ला पिएता' नावाची संस्था होती. टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांना तेथे सांभाळत. मुलगे मोठे झाले की कामधंद्याला लावत. मुलींपैकी ज्यांच्या अंगी गुण दिसे, त्यांना संगीत शिकवत. १७०३ साली विवाल्दी तेथे व्हायोलिनचा शिक्षक म्हणून लागला. तो धर्मगुरू होता, केस तांबडे होते म्हणून गावात 'तांबडा पाद्री' म्हणून ओळखला जाई. या मुलींसाठी त्याने एकामागून एक कन्चेर्तो लिहिले. आयुष्यभरात त्याने लिहिलेल्या कन्चेर्तोंची संख्या पाचशेच्या घरात जाते. व्हायोलिनचे तर आहेतच, पण चेलोचे, बासरीचे, ओबोचे, मँडोलिनचे, आणि फगोट म्हणजे बसूनचेही पस्तीसच्या वर. बसून हे मागे बसून खालचा सूर धरणारे लांबलचक लाकडी वाद्य. त्याला पुढे आणून उभे करावे असे तेव्हा फारसे कोणाला सुचले नव्हते.

या मुली चर्चच्या सज्जात जाळीच्या आड बसून वाजवत. युरोपभरचे प्रवासी ऐकायला येत, पण त्यांना दिसायची ती जाळी आणि तिच्यामागच्या हलत्या सावल्या. या मुलींना आडनाव नव्हते, कारण बापाचा पत्ता नव्हता. मग त्यांना त्यांच्या वाद्यावरून ओळखत. त्यांच्यातली सर्वांत नावाजलेली वादक आन्ना मारिया. तिचे पूर्ण नाव काय, तर 'व्हायोलिनवाली आन्ना मारिया'. हे वाचले त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. आबांना सुपारी द्यायला येणारे लोक दारात उभे राहून "ट्रंपेटवाले हायत का?" असे विचारतात. आमचे आडनाव रेशनकार्डावर आहे, पण गल्लीबाहेर ते फारसे चालत नाही. फरक एवढाच की व्हेनिसच्या त्या मुलीसाठी तिच्या गुरूने तिच्या हाताला शोभेल असे संगीत मुद्दाम लिहिले आणि ते तीनशे वर्षांनंतर माझ्यापर्यंत आले.

जाता जाता एक गोष्ट. अठराव्या शतकात या मुली कठीणातले कठीण कन्चेर्तो वाजवत होत्या, आणि संगीताची राजधानी म्हणवणाऱ्या व्हिएन्नाच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने स्त्रियांना रीतसर सभासदत्व दिले ते १९९७ साली. हार्प वाजवणाऱ्या आना लेल्केस या पहिल्या. जाळी काढायला किती काळ लागतो पाहा!

विवाल्दीने कन्चेर्तोला जो सांगाडा दिला तो फार सोपा आहे. जलद, संथ, जलद असे तीन भाग. जलद भागात सारा वाद्यवृंद एक ठाशीव धून वाजवतो. मग एकल वादक आपले काही सांगतो. पुन्हा ती धून, थोडी तोकडी, थोड्या वेगळ्या स्वरावरून. पुन्हा एकल वादक. आपल्या अभंगातले ध्रुवपद जसे प्रत्येक कडव्यानंतर परत येते आणि दर वेळी त्याचा अर्थ थोडा गडद होतो, तसेच हे. त्याचे प्रसिद्ध 'चार ऋतू' १७२५ साली प्रकाशित झाले. त्यातल्या वसंत ऋतूचा संथ भाग मी पुनःपुन्हा ऐकतो. एकल व्हायोलिन म्हणजे कुरणात झोपलेला मेंढपाळ, इतर व्हायोलिने म्हणजे पानांची सळसळ, आणि व्हायोला हे मधल्या उंचीचे, कधीच कोणाच्या लक्षात न येणारे वाद्य म्हणजे त्याचा भुंकणारा कुत्रा. संपूर्ण भागभर व्हायोला दोन-दोन सूर भुंकत राहते. गाढ झोपलेल्या धन्याजवळ जागा आहे तो तेवढा एकटाच.

योहान सेबास्टियन बाखने विवाल्दीचे कन्चेर्तो उतरवून काढले, आपल्या वाद्यांसाठी बदलून लिहिले आणि अशा रीतीने शिकला. (परीक्षेसाठी उताऱ्यावर उतारे लिहून काढणाऱ्या आमच्यासारख्यांना यात दिलासा आहे.) १७२१ साली त्याने ब्रँडेनबुर्गच्या सरदाराला सहा कन्चेर्तो अर्पण केले. त्यांतल्या पाचव्यात जे घडते ते मला एखाद्या कथेसारखे वाटते. हार्पसिकॉर्ड हे पियानोचे पूर्वज. तोवर वाद्यवृंदात त्याचे काम म्हणजे खाली बसून सुरांचा आधार देणे. आपल्याकडे पेटीवाला देतो तसा. या कन्चेर्तोत बासरी आणि व्हायोलिन पुढे आहेत, हार्पसिकॉर्डही त्यांच्याबरोबर हळूहळू बोलू लागते. मग त्याची बोटे जलद होतात, बाकीचे एक-एक करून गप्प होतात आणि पासष्ट मात्रागट, म्हणजे काही मिनिटे, एकटे हार्पसिकॉर्ड वाजत राहते. वादळ सुटावे तसे. पेटीवाल्याने मैफल ताब्यात घ्यावी आणि गवयाने तंबोरा धरून ऐकत बसावे, असा हा प्रकार. बाखने दोन वर्षे आधी बर्लिनहून नवे हार्पसिकॉर्ड आणवले होते आणि हा भाग त्याने स्वतःच्याच बोटांसाठी लिहिला असणार असे जाणकार मानतात. हे सहाही कन्चेर्तो छापले गेले मात्र १८५० साली, बाखच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी.

वाद्यवृंदातल्या माणसांचे जगणे कसे होते, हे समजायला हायडनकडे जावे लागते. १७६१ साली एस्टरहाझी या हंगेरियन सरदारघराण्याशी त्याचा करार झाला. त्या करारात संगीताइतकीच पोशाखाचीही कलमे आहेत. पांढरे मोजे, पांढरा सदरा, केसांना पावडर आणि सर्व वादक एकसारखे दिसले पाहिजेत. रोज दुपारच्या आधी आणि नंतर बाहेरच्या दालनात हजर राहून धन्याला आज संगीत हवे आहे का, याची वाट पाहायची. ही नोकरी स्वयंपाकी आणि मोतद्दाराच्या नोकरीहून फार वेगळी नव्हती. आबांच्या बँडचा लाल कोट, सोनेरी गोंडे आणि कोणाच्याही डोक्याला न बसणारी टोपी पाहिली की हा करार मला आठवतो. गणवेश माणसाला शोभा देतो म्हणतात. तो माणसाला पुसूनही टाकतो.

१७७२ साली सरदाराने उन्हाळी राजवाड्यातला मुक्काम फार लांबवला. वादकांची बायका-मुले दूर दुसऱ्या गावी. सांगायचे कोणी आणि कसे? हायडनने एक सिंफनी लिहिली. तिच्या शेवटी एक-एक वादक आपला भाग संपवतो, समोरची मेणबत्ती विझवतो, वाद्य उचलतो आणि निघून जातो. अखेर दोनच व्हायोलिने उरतात, तीही दबक्या आवाजात. सरदार समजला आणि दुसऱ्या दिवशी मुक्काम हलला. मोर्चा नाही, अर्ज नाही. आमच्याकडे वरात रात्री दोनपर्यंत लांबते, नवऱ्या मुलाचे मित्र "आणखी एक" म्हणत राहतात, बँडवाल्यांचे जेवण थंड झालेले असते. तेव्हा ही सिंफनी कामी येईल काय, असे मी आबांना विचारले. ते म्हणाले, "मेणबत्त्या इझवून चालत न्हाय रं. आमची बत्ती दुसऱ्याच्या डोक्यावर असतीया." वरातीत दिवे डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायका असतात, त्यांच्याविषयी ते बोलत होते. मागच्या रांगेच्याही मागे एक रांग असते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

असो. मोझार्टने तशीच नोकरी १७८१ साली सोडली आणि व्हिएन्नात स्वतंत्र राहून तिकिटे विकून मैफली करू लागला. तिकिटे विकायची तर लोकांना दर वेळी नवे हवे. १७८४ या एका वर्षात त्याने पियानोचे सहा कन्चेर्तो लिहिले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत डी मायनरमधला कन्चेर्तो प्रथम वाजला, तेव्हा त्याचे वडील नुकतेच गावाहून आले होते. त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रात नोंद आहे की ते पोहोचले तेव्हा नकलनवीस अजून नकला उतरवतच होता आणि शेवटचा भाग एकदा वाजवून पाहायलाही मुलाला सवड मिळाली नव्हती. मोझार्टच्या कन्चेर्तोत मागचे लोक नुसते ध्रुवपद म्हणत नाहीत. ओबो, क्लॅरिनेट, बसून ही फुंकीची वाद्ये पियानोला उत्तर देतात, मध्येच बोलतात, कधी त्याला सावरतात. झुंजीपेक्षा हे घरातल्या बोलण्यासारखे वाटते. ओबो ही नात्याने आपल्या सनईची लागते, दोघींच्या तोंडाशी दुहेरी पत्ती असते. वादनापूर्वी साऱ्या वाद्यवृंदाला सूर देण्याचा मान याच ओबोचा आहे. आजोबा असते तर त्यांना हे सांगितले असते.

या काळापर्यंत एक रीत होती. जलद भागाच्या शेवटाकडे वाद्यवृंद एका सुरावर येऊन थांबे आणि एकल वादक मनाला येईल ते तिथल्या तिथे रचून वाजवी. याला 'कादेन्झा' म्हणतात. भरारी पुरी झाली की तो एका सुरावर लांब कंप घेई, ती खूण ओळखून मागचे सारे पुन्हा मिसळत. तबलजी तिहाई घेऊन समेवर येतो आणि सारी मैफल एकदम मान हलवते, तीच गोष्ट. बेथोव्हेनने हे दार बंद केले. त्याच्या पाचव्या पियानो कन्चेर्तोत, जो १८११ साली लाइपझिगमध्ये प्रथम वाजला आणि जो बहिरेपणामुळे त्याला स्वतःला लोकांपुढे वाजवता आला नाही, त्याने कादेन्झाच्या जागी स्पष्ट लिहून ठेवले की येथे स्वतःचे काही वाजवू नये, पुढे छापलेलेच वाजवावे. जो पुढे आपण तिथे नसणार हे जाणतो, तो सारे लिहून ठेवतो. मला मात्र त्याचा चौथा कन्चेर्तो अधिक भिडतो. १८०८ च्या डिसेंबरात व्हिएन्नातल्या गारठलेल्या नाट्यगृहात चार तास चाललेल्या मैफलीत तो लोकांनी ऐकला. तोपर्यंत आधी वाद्यवृंदाने लांब प्रस्तावना करायची आणि मग पियानोने यायचे असा शिरस्ता. इथे पियानोच पहिल्यांदा बोलतो, तोही हळू, चार-दोन वाक्ये, आणि मागचे लोक जरा दुरून, दुसऱ्याच स्वरातून, उत्तर देतात. वर्गात प्रथमच हात वर करून बोलणाऱ्या मुलाचा आवाज असाच निघतो.

आता ट्रंपेट. या वाद्यावर पूर्वी कळा नव्हत्या. सरळ वळवलेली नळी. ओठांच्या दाबाने जे मोजके सूर निघतील तेवढेच. खालच्या अंगाला तर त्या सुरांमध्ये मोठमोठी अंतरे. म्हणून मोझार्ट-बेथोव्हेनच्या वाद्यवृंदात ट्रंपेटवाले बरेचसे नुसते बसून राहतात, नगारा वाजला की त्याच्याबरोबर दोन-चार सूर फुंकतात. व्हिएन्नाच्या आंतोन वायडिंगर या वादकाने नळीला भोके पाडून त्यांवर झाकणे बसवली आणि त्याच्यासाठी हायडनने १७९६ साली ट्रंपेटचा कन्चेर्तो लिहिला. १८१८ साली प्रशियात ष्ट्योल्त्सेल आणि ब्ल्युमेल या दोघांनी दाबाच्या कळांचे पेटंट घेतले आणि मग पितळी वाद्यांना हवे ते सूर सहज मिळू लागले. त्या कळांमुळेच लष्करी बँड सुधारले, इंग्लंडात गिरणीकामगारांनी आणि खाणकामगारांनी आपापले बँड काढले, आणि इंग्रजी पलटणींच्या बँडवरून आपल्याकडचे लग्नाचे बँड उभे राहिले. तेव्हा आबांच्या उजव्या हाताच्या तीन बोटांखाली जे आहे, तो दोनशे वर्षांपूर्वीचा प्रशियाचा शोध आहे.

हायडनचा तो कन्चेर्तो मी आबांना ऐकवला. ते अंगणात बाजेवर बसून वाद्याला तेल घालत होते. एक एअरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या. सुरुवातीला वाद्यवृंदच वाजतो, तेव्हा ते म्हणाले, "ट्रंपेट कुठाय?" मग ट्रंपेट आला. ते हात थांबवून ऐकू लागले. संथ भागात त्यांचे डोळे मिटले होते. कौतुकाने ते काही बोलले नाहीत. म्हणाले, "दम कुठं घेतोय ह्यो? कळंना." थोड्या वेळाने, "मागल्यांनी जागा ठेवलीया त्याला. त्यो दम घेतो तवा ती वाजवत्यात." रिपिएनोवर मी जी पाने वाचली होती, त्यांत ही गोष्ट इतक्या थोडक्यात कोठे आढळली नव्हती.

एकोणिसाव्या शतकाबद्दल मी पक्षपाती आहे, ते आधीच सांगतो. पागानीनीसारखे वादक आले आणि कन्चेर्तो म्हणजे एका माणसाची कसरत झाली. पागानीनी आपल्या कन्चेर्तोची मागच्या वादकांची पाने ऐन वेळी वाटी आणि वादन झाले की गोळा करून नेई, कोणी नकलू नये म्हणून. मागचे लोक लग्नातल्या वऱ्हाडासारखे, टाळ्यांपुरते. उलट त्याच काळात वाद्यवृंद स्वतः प्रचंड वाढत होता. हायडनच्या धन्याकडे सुरुवातीला पंधराच्या आसपास वादक होते. बर्लिओझने वाद्यवृंदावर जो ग्रंथ लिहिला त्यात त्याने ४६७ वादकांच्या आदर्श वृंदाचे स्वप्न पाहिले. एवढ्यांना एकत्र ठेवायला हातात काठी घेतलेला आणि स्वतः एकही सूर न काढणारा माणूस पुढे आला, आणि नाव त्याचेच मोठे झाले. वाग्नरने १८७६ साली बायरॉइटच्या नाट्यगृहात सारा वाद्यवृंद रंगमंचाखालच्या खड्ड्यात झाकून टाकला, ध्वनी यावा पण वादक दिसू नयेत म्हणून. १९१० साली म्यूनिकमध्ये मालरच्या आठव्या सिंफनीसाठी गायक-वादक मिळून हजाराहून अधिक माणसे उभी राहिली.

या गर्दीतही ब्राम्ससारखा माणूस होता. त्याच्या १८७९ च्या व्हायोलिन कन्चेर्तोत संथ भागाची सुरेख धून प्रथम वाजवते ती ओबो, आणि एकल व्हायोलिनवादक बराच वेळ नुसता उभा. सारासाते या विख्यात वादकाने म्हणे याच कारणासाठी तो वाजवायचे नाकारले. सगळ्या वेळात एकमेव चांगली धून ओबोने वाजवायची आणि मी हातात व्हायोलिन धरून ऐकत राहायचे काय, असा त्याचा सवाल. सारासाते थोर असेल. माझे मत ओबोला.

विसाव्या शतकातल्या दोनच रचनांबद्दल लिहितो. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पाउल विटगेनश्टाइन या पियानोवादकासाठी रावेलने केवळ डाव्या हाताचा कन्चेर्तो लिहिला. १९३२ च्या जानेवारीत व्हिएन्नात तो प्रथम वाजला. त्याची सुरुवात वाद्यवृंदातल्या सर्वांत खोल आवाजाच्या कॉन्ट्राबसूनने होते. अंधाऱ्या विहिरीच्या तळातून कोणी वर येत असावे तशी. विटगेनश्टाइनने रचनेत परस्पर बदल केले म्हणून दोघांत वितुष्ट आले. वादक हे काही गुलाम नव्हेत, असे एकाने लिहिले. असतात, असे दुसऱ्याने उत्तर दिले, असे सांगतात. कोणाची बाजू घ्यावी ते मला ठरवता येत नाही.

दुसरी रचना बार्तोकची. हंगेरी सोडून अमेरिकेत आलेला हा माणूस १९४३ साली न्यूयॉर्कच्या रुग्णालयात होता, पैसा नव्हता, लिहिणे थांबले होते. तेथे बॉस्टन वाद्यवृंदाचे संचालक कुसेवित्स्की एका नव्या रचनेचे काम घेऊन गेले. काही महिन्यांत बार्तोकने जे लिहिले त्याचे नाव 'वाद्यवृंदासाठी कन्चेर्तो'. १ डिसेंबर १९४४ रोजी ते बॉस्टनमध्ये वाजले. इथे पुढे कोणीच नाही. दुसऱ्या भागात जोड्या येतात. आधी एकटे ताशासारखे वाद्य, मग दोन बसून, मग दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन बासऱ्या, शेवटी तोंडात बूच घातलेले दोन ट्रंपेट. प्रत्येक जोडी आपापले अंतर राखून चालते. बसून सहा स्वरांचे, ओबो तीन, क्लॅरिनेट सात, बासऱ्या पाच आणि ट्रंपेट अगदी खांद्याला खांदा लावून दोनच. दोन स्वर इतके जवळ आले की ते एकमेकांना टोचतात. तिथे पहिला कोण आणि दुसरा कोण, हे कानाला कळत नाही.

हे सारे दूरचे वाटते, पण मुंबई फार दूर नाही. मेहली मेहता यांनी १९३५ साली मुंबईत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचे चिरंजीव झुबिन पुढे जगभरचे वाद्यवृंद चालवू लागले. गोव्यातल्या पॅरिश शाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेली कितीतरी माणसे मुंबईला येऊन हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. त्यांतले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा जमवून रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या एका गाण्यात गुरूचे नाव गुंफले, आणि सारा देश ते नाव गुणगुणू लागला. ते कोणाचे हे मात्र थोड्यांनाच ठाऊक. पडद्यावर संगीतकार-गीतकारांची नावे येत, पन्नास-साठ व्हायोलिनवाल्यांची येत नसत. पुढे यंत्रावर साठ व्हायोलिनांचा आवाज एका बोटाने निघू लागला आणि त्या रांगा विरळ झाल्या. आता वरातींत डीजे आला आहे, तेव्हा या गोष्टीचा अर्थ आमच्या घरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

रविशंकरांनी १९७१ साली लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी सतारीचा कन्चेर्तो रचला, तो त्यांनी आंद्रे प्रेव्हिन यांच्या संचालनाखाली वाजवला. तो मी दोनदा ऐकला. समोर कागद ठेवून वाजवणारे शंभर जण आणि कागदाविना वाजवणारा एक, यांचे जमता जमता राहून जाते असे माझ्या कानाला वाटले. पण सतार मोकळी सुटते तेव्हा बेथोव्हेनने बंद केलेले दार किंचित किलकिले होते, हेही खरे.

मुंबईला नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये २००६ सालापासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. आजवर मी वाद्यवृंद समोर बसून ऐकलेला नाही, जे ऐकले ते एअरफोनमधून, एका कानाने. विद्यार्थ्यांसाठी काही स्वस्त तिकिटे असतात का, ते विचारून ठेवायचे आहे. आबांनाही न्यायचे मनात आहे. त्यांना सांगितले तर ते एवढेच म्हणाले की, तारीख आधी कळव. मुहूर्त असला तर जमायचे नाही.